सोळा अंशांच्या गृहस्थांस अनावृत पत्र

प्रति,
वैशाखात गोधडी पांघरणारे गृहस्थ,
वरचा मजला, सावेडी, अहिल्यानगर.

विषय : एसीचे तापमान, सोसायटीची डीपी आणि गोधडी यांचा परस्परसंबंध.



एसी थंडी तयार करत नाही. तो खोलीतली उष्णता उचलून बाहेर टाकतो, आणि बाहेर म्हणजे बहुतेक वेळा शेजाऱ्याच्या खिडकीत. रिमोटवरचा आकडा वेगाचा नसून थांबण्याचा असतो. खोली तेवढी गार झाली की साध्या एसीचा कॉम्प्रेसर बंद होतो, इन्व्हर्टरचा मंदावतो. म्हणून 16 वर लावल्याने साधा एसी खोली लवकर गार करत नाही. त्याला थांबायला मात्र मिळत नाही. सदर गृहस्थ अभियांत्रिकीचे पदवीधर आहेत, तरी हे लिहावे लागत आहे.

ऊर्जा दक्षता ब्यूरोच्या हिशेबाने तापमान एका अंशाने वर ठेवले की सुमारे 6 टक्के वीज वाचते. 16 आणि 24 मध्ये आठ अंश आहेत, म्हणजे ढोबळमानाने 40 टक्के. म्हणूनच 1 जानेवारी 2020 पासून घरगुती एसी सुरू केल्यावर आपोआप 24 वर यावा, असा नियम झाला. म्हणजे सरकारने 24 लावूनच दिले होते. गृहस्थांनी खालच्या बाणाचे बटण आठ वेळा दाबून 16 गाठले, मग हुडहुडी भरली, मग लोखंडी पेटीतली गोधडी निघाली. पौषात नगरची थंडी झोंबते तेव्हा ही गोधडी फुकट ऊब देते. वैशाखात तिचीच ऊब घ्यायची तर आधी विकतची थंडी लागते. दीड टनाचा एसी पूर्ण जोरावर तासाला साधारण दीड युनिट खातो. आठ तासांचे बारा, महिन्याचे 360. वीजबिलातली 300 युनिटांची पायरी फ्रीज आणि टीव्हीने हातभार लावण्याआधीच एकट्या एसीने ओलांडलेली असते. पुढच्या प्रत्येक युनिटाचा दर चढा, आणि बिल आले की शिव्या वीज कंपनीला. 2025 च्या जूनमध्ये केंद्राने एसी 20 च्या खाली जाऊ न देण्याचा विचार जाहीर केला, तेव्हा याच गृहस्थांना व्यक्तिस्वातंत्र्याची तीव्र आठवण झाली होती.

मेमध्ये एका रात्री सोसायटीची डीपी उडाली. वायरमनने वर न पाहता कारण सांगितले : लोड. प्रत्येक घरात एसी, प्रत्येक एसी तळाच्या आकड्यावर. अंधारात गृहस्थ खाली आले आणि देशात विजेचे नियोजन नाही, यावर फाटकापाशी बराच वेळ बोलले.

नियोजनाबद्दल बोलायचेच तर एसीचे दीड किलोवॉट म्हणजे दोन एचपीची मोटार. राहुरी, संगमनेर, अकोले या पट्ट्यात शेतीपंपाची थ्री फेज वीज अजूनही अनेक ठिकाणी पाळीने येते; रात्रीची पाळी आली की शेतकरी बॅटरी आणि काठी घेऊन उसात शिरतो. त्या उसात बिबट्या असतो. ही अतिशयोक्ती नाही. या जिल्ह्यात बिबट्याने माणसे मारली आहेत. दिवसा वीज मिळावी म्हणून सौर कृषी वाहिनी योजनेचे सुरुवातीचे काम याच जिल्ह्यात, पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीला झाले, पण ती सगळीकडे पोचेपर्यंत बारे रात्रीच द्यावे लागते. सावेडीतल्या एसीमुळेच शेतकऱ्याला रात्री जावे लागते, असा थेट हिशेब मांडता येत नाही. न मांडता येवो. एक माणूस जीव मुठीत धरून दोन एचपी चालू करायला जातो आणि दुसरा तेवढीच वीज गोधडीखाली कुडकुडण्यासाठी जाळतो, याची लाज वाटायला हिशेब लागत नाही.

तरीही गृहस्थांची एक बाजू खरी आहे. त्यांचे घर हे घर नसून भट्टी आहे. डोक्यावर उघडा स्लॅब, पश्चिमेला सज्जा नसलेली भलीमोठी काच. दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता खाली सोडतो. बाहेर वारा गार झालेला असतो तेव्हाही आत पंखा गरम हवाच फिरवतो. घर गार ठेवण्याचे शहाणपण नगरला नवे नव्हते. फराहबागेचा महाल निजामशाहीने सोळाव्या शतकात तलावाच्या मधोमध, जाड भिंतींचा बांधला. खेड्यातल्या साध्या धाब्याच्या घरावरही मातीचा जाड थर असे. बिल्डरने ते सारे गाळले आणि सदनिकेला आलिशान म्हटले. त्यात राहायचे तर एसी लागणारच, आणि तो लावल्याबद्दल कोणालाही गुन्हेगार ठरवता येत नाही.

उपाय साधे आहेत. 26 अंश आणि सोबत छताचा पंखा : वारा अंगावर असला की तेवढ्या तापमानातही झोप लागते. एसीची जाळी दर पंधरवड्याला धुवावी. पश्चिमेच्या काचेला पडदा आतून नव्हे, बाहेरून हवा. ऊन काचेच्या आत आल्यावर अडवून फारसा उपयोग नाही. नगरची हवा कोरडी असल्याने पाऊस सुरू होईपर्यंत कूलरही चांगला चालतो आणि एसीच्या सातव्या-आठव्या हिश्श्यात भागवतो. मात्र त्याला पाणी लागते आणि या जिल्ह्यात ते जपून वापरावे लागते. सर्वांत मोठा फरक गच्चीवर पडेल. स्लॅबला उष्णता परतवणारा पांढरा लेप दिला तर तो मुळात कमी तापतो.

तसा ठराव सोसायटीच्या येत्या सर्वसाधारण सभेत आहे. खर्च सगळ्यांचा, फायदा मुख्यतः वरच्या मजल्याचा. खालच्या मजल्यांनी होकार कळवला आहे. गृहस्थांनी सभेला यावे आणि हात वर करावा, ही विनंती.

कळावे,
त्याच डीपीवरील एक ग्राहक