जावईबापूंचं वायफाय

अहो, ऐकलंत का? या जरा कुंपणाशी, मोठ्यानं नको बोलायला. वरच्या मळ्यातलं वायफायचं प्रकरण तुम्हाला ठाऊकच आहे, पण अर्धंच असणार. मी होते ना तिथं, अळूची पानं आणायला गेलेली...

पुण्याच्या जावईबापूंनी पाडव्याला ते मेशचं तीन डब्यांचं पाकीट आणलं. "मामा, आता घर, अंगण, गोठा, सगळीकडे फुल रेंज!" मामांना काय हो, गोठ्यावरचा कॅमेरा मोबाइलमध्ये दिसला म्हणजे झालं. आपला राहुरीचा ऊसपट्टा, बिबट्याला काय मुहूर्त लागतो? मागच्या साली कालवड नेली ती तुम्हीही पाहिलीत.

एक डबा सोप्यात, एक माजघरात, एक पडवीत. माजघरातला आत्याबाईंनी, महागाची वस्तू म्हणून, लोखंडी कपाटामागे सारला! त्यात भिंती दोन-दोन फूट, काळ्या दगडाच्या. तरी गोठा दिसला बरं का. वहिनी आठवडाभर मोबाइल घेऊन दारोदार... जाऊ द्या.

तर काय सांगत होते, पोळा आला आणि कॅमेरा ठप्प. फोनवरून रोज "मामा, रीस्टार्ट करा." मामा बिचारे करतात. गणपतीला जावईबापू स्वतः आले, चौथा डबा घेऊन! तेवढ्यात केबलवाला पोरगा बिलाला आला. बांधावर उभा राहून म्हणतो, "दाजी, डबा कशाला? मधला ऊस बघा की. पाडव्याला तोड होऊन रान मोकळं होतं, आता खोडवा डोक्यावर गेलाय. पाला पाण्यानं भरलेला, लहर त्यातच जिरते."

काय सांगू, दाजींचा चेहरा! मामांनी टोपी काढली, झटकली, परत घातली. वहिनी "चहा टाकते" म्हणून ज्या आत गेल्या...

पोरगा मात्र थांबेना. म्हणाला, डबे एकमेकांना बिनतारी जोडले की एकानं ऐकायचं, त्याच रेडिओवर पुढच्याला सांगायचं, दर टप्प्याला वेग निम्मा. म्हणजे आपल्या गल्लीचंच की हो! फक्त आपल्याकडे वेग वाढतो. त्यापेक्षा घरातल्या डब्यांना वायर ओढा, म्हणे. दगडातून २.४ गिगाहर्ट्झची लहर जरा तरी जाते, ५ ची अडते. पण बाहेर मोकळ्यात ५ चीच बरी, २०१८ पासून घराबाहेरही परवाना लागत नाही.

आणि पडवीतला डबा तर घरातला, पावसाचे शिंतोडे, वर तापलेला पत्रा, किती टिकणार? बाहेरचा वेगळा येतो, आयपी ६५ नाहीतर ६७ लिहिलेला. त्याला वीज आणि नेट एकाच वायरीतून जातं, पीओई म्हणतात. वायर १०० मीटरच्या आत हवी. गोठा त्याच्या पार पलीकडे. मग ठरलं काय, तर एक डिश पाण्याच्या टाकीवर, दुसरी गोठ्याशी जीआय पायपावर, तोंडं समोरासमोर, उसाच्या वरून. बाहेरचा डबा गोठ्यात. पायपाला अर्थिंग, कारण वळवात वीज कुठं पडेल नेम नाही. आणि दोन्हीकडे बॅटरी. लाइट रात्री जाते आणि बिबट्याही रात्रीच येतो, हे मात्र मामांनी आपणहून सांगितलं.

वहिनींनी तेवढ्यात कान टवकारले, "म्हणजे आधीचे डबे?" जावई म्हणतात, राहू द्या घरात. चौथा मात्र नगरला... अहिल्यानगरला हो, सवय जात नाही बाई... तिथल्या दुकानात परत करायला नेलाय.

बरं, तुमच्या धाकट्यानं म्हणे तेच तीन डब्यांचं पाकीट मागवलंय? अहो, फोडू देऊ नका. आधी त्या पोराला बोलवा, घर नि वाडगं फिरून बघू दे, मग काय ते घ्या.