हार्डडिस्कवाले काका

हार्डडिस्कवाल्या काकांकडे रिकाम्या हातांनी गेलेलं चालतं, रिकामा पेनड्राइव्ह घेऊन गेलेलं चालत नाही. जाताना काहीतरी न्यायचं असतं : एखादी मैफल, गेलाबाजार आकाशवाणीवरून कधीकाळी टेप केलेलं अर्धं नाट्यपद. तरच तिकडून काही सुटतं.

ही जमात बँकेतून, टेलिफोन खात्यातून किंवा एखाद्या कंपनीच्या स्टोअर्समधून निवृत्त झालेली असते. डोंबिवली, ठाणे, कोथरूड ही मुख्य वस्ती. काही मंडळी मुलांच्या मागोमाग न्यू जर्सीलाही पोचली आहेत. सगळं गाणं फोनवर मिळत असताना आपलं वेगळं भांडार कशाला, असं यांना विचारू नये. एकतर उत्तर लांब असतं, आणि दुसरं म्हणजे २०२० साली गूगल प्ले म्युझिक बंद झालं आणि २०२४ मध्ये विंक, हे ते तारखेसकट सांगतात. विंक गुंडाळल्याची बातमी आली त्या दिवशी आमच्या काकांनी काकूंना शिरा करायला लावला होता.

भांडाराचा मुक्काम गोदरेजच्या कपाटात, वरच्या कप्प्यात. काकूंच्या जुन्या इरकलीची पिशवी, पिशवीत हार्डडिस्क, सोबत बुटांच्या खोक्यांतून आणि गोळ्यांच्या बाटल्यांतून जमवलेल्या ओलावा शोषणाऱ्या पुड्या. हात धुतल्याशिवाय स्पर्श नाही. डिस्का तीन : मूळ, नक्कल आणि नकलेची नक्कल. तिसरी दुसऱ्या गावी असली पाहिजे असं शास्त्र आहे, म्हणून ती सांगलीला बहिणीकडे. २०१९ च्या महापुरात काकांनी बहिणीला फोन केला. ‘दादा, आम्ही सगळे गच्चीवर आहोत,’ ती म्हणाली. ‘बरं झालं. आणि ती?’ दादांनी विचारलं. बहीण त्यानंतर भाऊबीजेपर्यंत बोलत नव्हती. काकांच्या मते बॅकअप खरा केसरबाईंचाच. १९७७ साली ‘नासा’ने व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकड्या पाठवल्या, त्यांत केसरबाई केरकरांची भैरवी आहे. पुराचं पाणी तिथवर पोचत नाही.

काकांचं खरं आयुष्य गेलं ते फायलींना नावं देण्यात. सुरुवातीच्या एमपीथ्रीत गाण्याच्या नावाला जेमतेम ३० अक्षरं मिळायची, रोमन. आता राग, बंदिश, ताल, तबला, पेटी, गाव आणि साल ३० अक्षरांत बसवायचं म्हणजे मुंगीला नऊवारी नेसवण्यापैकी. प्रकार निवडायला ८० नावांची यादी होती. त्या यादीत पोल्का होता, नाट्यसंगीत नव्हतं. म्हणून काही वर्षं सगळं किराणा घराणं ‘एथ्निक’ या सदरात, परक्या प्रांतात राहत होतं. पुढे अक्षरांची मर्यादा उठली आणि काकांनी अशी काही कसर भरून काढली, की हल्ली फाइलचं नाव फोनच्या पडद्यावरून पूर्ण सरकून जाईपर्यंत विलंबित संपून द्रुत सुरू होतं.

पण एका बाबतीत काकांचं म्हणणं सोळा आणे खरं आहे. ॲपवर गायकाचं नाव असतं, फोटो असतो, बऱ्याचदा तोही दुसऱ्याचा असतो; पण तबल्यावर कोण, पेटीवर कोण, याचा पत्ता नसतो. काकांच्या फायलीत तानपुऱ्यावर मागे बसलेल्या शिष्यासकट सगळे हजर असतात.

बाकीची मतं मात्र जपून ऐकावीत. १२८ केबीपीएसचं एमपीथ्री म्हणजे त्यांच्या लेखी शिळं अन्न. त्यात वरचे सूक्ष्म ध्वनी छाटले जातात, तानपुऱ्याची जवारी मरते, म्हणून जे काही ठेवायचं ते ‘फ्लॅक’मध्ये. शास्त्र म्हणून हे बरोबरच आहे. फक्त छाटतात ते साधारण सोळा हजार हर्ट्झच्या वरचं, आणि काकांचे कान बारा हजारालाच थकतात, असा आलेख कानाच्या डॉक्टरांनी काढून दिलाय. त्या आलेखाची स्कॅन केलेली प्रतही हार्डडिस्कवर आहे.

जुन्या तबकड्यांचा वाद निराळा. ७८ च्या म्हणतात त्या सगळ्याच काही बरोबर ७८ फेऱ्यांवर ध्वनिमुद्रित झालेल्या नसत. वेग चुकला की पट्टी चढते किंवा उतरते. त्यामुळे बालगंधर्वांचं एकच पद काकांकडे काळी एकमध्येही आहे आणि काळी दोनमध्येही. खरं कुठलं? ‘दोन्ही असू देत,’ असं म्हणून काका दोघांच्याही तीन-तीन प्रती काढतात.

आणि मग दुर्मीळ मैफली. कुणाच्या तरी वाड्यात, पन्नासेक माणसांसमोर झालेली बैठक. ‘ही फक्त माझ्याकडे आहे. कुणाला देऊ नकोस,’ असं बजावून काका ती देतात. तीच फक्त आपल्याकडे असल्याचं ठाण्याचे एक काका सांगतात आणि मिरजेचेही एक. मध्यलयीत तिसऱ्या आवर्तनाला तोच गृहस्थ तस्साच खोकतो, आणि पाठोपाठ कपबशी वाजते. त्या खोकल्यावरून या सगळ्या प्रतींची वंशावळ काढता येईल. हे मी काकांना सांगितलं, तर ते म्हणाले, ‘पण माझ्याकडे खोकला जास्त स्वच्छ आहे.’

इतकं सगळं घरात असताना त्या घरातून गाणं मात्र क्वचितच ऐकू येतं. ‘काका, शेवटचं निवांत कधी ऐकलंत?’ असं मी विचारलं होतं. ‘ऐकायचं काय त्यात? आहे की माझ्याकडे!’ ऐकतात त्या काकू. भाजी निवडताना फोनला सांगतात, तो लगेच मारवा लावतो, आणि आतल्या खोलीतून मारव्याच्या फोल्डरमधली पुनरावृत्ती शोधणारे काका ओरडतात, ‘तबल्यावर कोण आहे, विचार त्याला!’

गेल्या वर्षी बी विंगमधला एक मुलगा काकांकडे येऊ लागला. तबला शिकतो. पहिल्याच दिवशी त्याने ‘ठेका कुणाचा आहे?’ असं विचारलं आणि काका विरघळले. वाड्यातली ती बैठक त्याला मिळाली, अर्थात शपथेवर. संध्याकाळपर्यंत ती त्याच्या क्लासच्या ग्रुपवर होती आणि रात्रीपर्यंत फिरत फिरत काकांच्याच फोनवर आली. दुसऱ्या दिवशी मुलाला बोलावणं गेलं. तो बिचारा आईला घेऊनच आला.

‘शपथ मोडलीस ते ठीक आहे,’ काका थरथरत म्हणाले, ‘पण चौसष्ट केबीपीएस? अरे, खोकलासुद्धा ओळखू येत नाही!’

मग कपाट उघडलं, मूळ फाइल पेनड्राइव्हवर चढली. ‘ही पाठव सगळ्यांना,’ काका म्हणाले, आणि तो दारापर्यंत पोचल्यावर मागून हाक मारून बजावलं, ‘आणि हे बघ, फक्त माझ्याकडे आहे. कुणाला देऊ नकोस.’