आमच्या घरी पाय लागले

डेस्कटॉपच्या जागी रास्पबेरी पाय बसवायचं मनावर घेतलं असेल, तर घरच्यांना आधी फक्त बोर्डाची किंमत सांगावी. '२०१२ साली केंब्रिजवाल्यांनी ३५ डॉलरमध्ये अख्खा कॉम्प्युटर काढला' एवढं वाक्य पुरतं. तो मुलांनी प्रोग्रामिंग शिकावं म्हणून काढला होता, तुम्ही सोसायटीचा जमाखर्च लिहावा म्हणून नव्हे, हा तपशील गाळावा.

जुना डेस्कटॉप विकू नये. माळ्यावर टाकावा, पण हाताशी येईल असा.

मग खरेदी. बोर्ड शर्टाच्या खिशात मावतो; त्याच्या लवाजम्याला पिशवी लागते. मायक्रो-एसडी कार्ड, डबी, पंखा. घरात एचडीएमआयच्या तीन केबली असतील. त्यातली एकही चालणार नाही, पाय ४ ला मायक्रो-एचडीएमआय लागते. बिलं एकदम दाखवू नयेत. पंख्याचं एप्रिलमध्ये दाखवावं, कोणी विचारत नाही.

मोबाइलचा चार्जर लावून पाहण्याचा मोह होईल. होऊ द्यावा. पडद्याच्या कोपऱ्यात पिवळी वीज चमकेल. तो शुभशकुन नाही. फास्ट चार्जरची चपळाई बहुतेकदा व्होल्ट वाढवण्यात असते, आणि पायला हवेत जेमतेम पाच व्होल्ट, पण अँपिअर पुरते तीन. पाय ५ ला तर पाच. म्हणजे आणखी एक बिल.

विंडोजचे प्रोग्रॅम इथे थेट चालत नाहीत; प्रोसेसर मोबाइलच्या जातकुळीतला, एआरएम. लिब्रेऑफिस मात्र छान चालतं. पत्रं, हिशेब, बातम्या एवढ्यापुरता ४ जीबीचा पाय पुरून उरतो. (हे वाक्य गंभीरपणे घ्यावं.)

शेवटी वडीलधाऱ्यांचं प्रशिक्षण. आमच्या बाबांनी पहिल्याच संध्याकाळी बंद करायचं बटण शोधलं. डबी उलटीपालटी करून पाहिली, चष्मा पुसून पुन्हा पाहिली. पाय ४ ला ते बटण नसतंच. मेनूतून शटडाउन करायचं, हे मी सांगायला विसरलो होतो. मग त्यांनी टीव्ही करतात तसा तोही भिंतीवरचं बटण दाबून बंद केला. सकाळी कार्ड वाचेना.

कार्डावर सगळं पुन्हा चढवायचं तर दुसरा कॉम्प्युटर हवा. मी स्टुलावर चढून माळ्यावरून डेस्कटॉप काढला, पुसला, लावला. बाबा खुर्ची ओढून समोर बसले.

"काढलाच आहेस, तर राहू दे इथेच."