लेस्टरचं घर, कोथरूडचा फ्लॅट

भिंतींना कान असतात म्हणतात. आमच्या विश्रामबागेतल्या भिंतीला तोंडही आहे. सकाळी साडेसातला नळाला पाणी येतं, पलीकडे मालूवहिनी शेवग्याला पाइप लावतात, अलीकडे मी मोगऱ्याला, आणि पाणी जाईपर्यंत गप्पा चालतात. गेले दोन महिने विषय एकच: त्यांच्या धाकट्याचं इंग्लंडातलं, लेस्टरचं घर.

"मिळाली का चावी?" मी विचारलं.

"कसली चावी! नुसती ऑफर मान्य झालीय. आम्ही खुळ्यासारखे पेढे वाटून मोकळे. आता तो म्हणतो, आई, मालक हो म्हणाला तरी ते हो धरायचं नाही. दोन्हीकडचे करार सह्या होऊन अदलाबदल होईपर्यंत कुणी कुणाला बांधील नाही. मधेच कुणी दोन हजार पौंड जास्त दाखवले की मालक फिरायला मोकळा. त्याला त्यांच्यात शब्दसुद्धा आहे, गझंपिंग."

"अगंबाई! मग इसार?"

"तो अदलाबदलीच्या दिवशी, बहुतेक दहा टक्के. तोवर वकील आपला, सर्व्हेवाला आपला, फी आपली. मोडलं तर सगळं कृष्णार्पण. त्यातून साखळी. आमचा मालक दुसऱ्याचं घर घेतोय, तो दुसरा तिसऱ्याचं. टोकाला एखादी म्हातारी 'मी नाही हलत' म्हणाली की सगळे जागच्या जागी."

मी हळूच क्षेत्रफळ विचारलं. सांगलीकरांना घर सांगितलं की स्क्वेअर फूट विचारल्याशिवाय घास गिळत नाही.

"आमच्या नानांनी पहिल्या दिवशी तेच विचारलं! तिथं तीन बेडरूम म्हणतात आणि गप्प बसतात. तिसरीत आपला दिवाण टाकला तर दार उघडायचं नाही. आणि घर १९३० च्या सुमाराचं, एक भिंत शेजाऱ्याशी सामायिक. नाना म्हणाले, अरे, पुण्यात चाळीस वर्षांच्या बिल्डिंगी पाडायला काढतात, तू नव्वद वर्षांची विकत घेतोस? पण तिथं ओल आणि छप्पर तेवढं बघतात. आणि तण."

"तण?"

"जपानी नॉटवीड. बागेत आहे की नाही, ते विकणाऱ्याला कागदावर विचारतात. आहे म्हटलं की कर्ज देणारी बँक नाक मुरडते."

आमच्या मागच्या प्लॉटमधल्या गाजरगवताला हा मान कधी मिळायचा, असं माझ्या मनात आलं.

"मग सरळ फ्लॅट घ्यायचा की हो, लहानसा."

"तिथं फ्लॅट म्हणजे बहुतेक लीजहोल्ड. सव्वाशे वर्षं, नव्व्याण्णव वर्षं, आणि पहिल्या मालकानं त्यातली निम्मी वापरलेली. ऐंशीच्या खाली आलं की वाढवून घ्यायला जास्तीचे पैसे मोजा." हे मला लगेच कळलं. माझा भाऊ नवी मुंबईत सिडकोच्या साठ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर राहतो, आणि दर दिवाळीला उरलेली वर्षं मोजतो.

वहिनींनी पाइप आळ्यात सोडला आणि भिंतीवर कोपर टेकले. म्हणजे आता पैशाचं.

"घर तीन लाख पौंडांचं. बँक नव्वद टक्के देते, तीस हजार आपले. पौंड एकशेवीस धरला तर छत्तीस लाख. सहा त्याच्याकडे आहेत, तीस आम्ही पाठवायचे. रिझर्व्ह बँक माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर पाठवू देते. तेवढे असते तर मी इथं पाइप धरून उभी राहिले असते का? पण एकानं वर्षात दहा लाखांच्या वर पाठवले की वरच्या रकमेवर वीस टक्के टीसीएस. नानांनी एकट्यानं तीस पाठवले तर चार लाख अडकले. करातून वळते होतात, पण तोवर आम्ही काय खायचं? म्हणून मार्चमध्ये नानांचे दहा आणि माझे दहा, उरलेले नव्या वर्षात एप्रिलमध्ये. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली, पहिल्यांदा माझ्या पॅनकार्डाला घरात मान आला."

"झालं तर मग."

"झालं कुठलं! तिथल्या बँकेला पत्र हवं. हे पैसे बक्षीस आहेत, परत मागणार नाही, आणि घरावर कसलाही हक्क सांगणार नाही. खाली आईबापांच्या सह्या. नाना तासभर ते पत्र पुढ्यात घेऊन बसले होते. म्हणाले, मी कधी हक्क सांगितला का गं? वर तिथल्या वकिलाचा प्रश्न, एवढे पैसे आले कुठून? मिरजेचा प्लॉट विकला म्हणावं तर खरेदीखत मराठीत. त्याचं शिक्क्यानिशी भाषांतर करून घेतलं. सहा महिन्यांची पासबुकं पाठवली. गॅसची सबसिडी कशाची, हेसुद्धा विचारलं हो!"

मी हसले. वहिनी हसल्या नाहीत.

"हे सगळं परवडलं. खरा घोळ कोथरूडच्या फ्लॅटचा. घेताना नानांनी हौसेनं पोराचं नाव लावलं ना, निम्मं निम्मं? तिथं पहिलं घर घेणाऱ्याला तीन लाखांपर्यंत स्टॅम्प ड्यूटी शून्य. पण पहिलं म्हणजे जगात कुठंही पहिलं! कोथरूडसुद्धा जगात येतं."

"म्हणजे भरायची?"

"नुसती भरायची असती तर पाच हजार पौंड. पण बाहेर कुठं चाळीस हजार पौंडांच्या वरचा हिस्सा नावावर असला तर हे दुसरं घर, आणि अख्ख्या किमतीवर आणखी पाच टक्के. पंधरा हजार. एकूण वीस!"

मी मनात गुणाकार केला. चोवीस लाख. नानांनी फ्लॅटच्या कागदावर एक नाव जास्त लिहिलं, त्याचे.

"मग त्याचा हिस्सा परत नानांच्या नावावर करून घ्या की."

"तेच चाललंय. त्यानं तिथून मुखत्यारपत्र पाठवायचं, इथं बक्षीसपत्र करायचं, आणि तेही तिथला व्यवहार पुरा व्हायच्या आत. त्यात गंमत बघा, बापानं मुलाला राहतं घर बक्षीस दिलं तर मुद्रांक दोनशे रुपये. मुलानं बापाला दिलं तर तीन टक्के. ऐंशी लाखांच्या हिश्शावर दोन लाख चाळीस हजार. तरी ते पंधरा हजार पौंड वाचतात. पाच हजार मात्र सुटत नाहीत. एकदा घर नावावर झालं की तो पहिलटकर राहिला नाही, कायमचा."

माझ्या मोगऱ्याचं आळं भरून पाणी फरशीवर आलं होतं. बाणेरच्या आमच्या फ्लॅटवर लेकीचं नाव आहे, आणि जावई सध्या मँचेस्टरला घरं बघतोय. हे मी वहिनींना बोलले नाही.

"आणि एक सांगायचं राहिलं," त्या म्हणाल्या. "तिथल्या जुन्या कागदांत नकाशावर कुंपणाच्या रेषेला इंग्रजी टी काढलेला असतो. टी ज्याच्या बाजूला, कुंपण त्याचं, दुरुस्ती त्यानं करायची. कसं छान ना?"

आम्ही दोघींनी एकदमच खाली बघितलं. आमची भिंत गेल्या पावसाळ्यापासून कलली आहे. गवंड्यानं चाळीस हजार सांगितले, तेव्हापासून तो विषय दोन्ही घरांत निघत नाही.

"आपला टी तुमच्याकडे असणार," वहिनी म्हणाल्या. "भिंत तुमच्या सासऱ्यांनी बांधली."

"आणि मुळं तुमच्या शेवग्याची," मी म्हणाले.

तेवढ्यात पाणी गेलं. वहिनींनी पाइप गुंडाळला आणि भिंतीवर ठेवलेल्या शेंगांची जुडी माझ्याकडे सरकवली.

"एप्रिलमध्ये बघू," त्या म्हणाल्या.