निसर्गाचा पहिला डोस

२२ फेब्रुवारी २०२१ला अमरावतीत पुन्हा लॉकडाऊन लागला, तेव्हा आमचे काकाजी मोर्शीत बसून म्हणाले, "हे सारं शहराचं दुखणं हाये." मार्चात स्वतःच कोरोनानं आजारी पडले. बरे झाल्यावर तब्येत विचारली की बोलण्याऐवजी खिशातून अँटीबॉडीचा रिपोर्ट काढत. "२५०च्या वर! पुढचं मशीनले मोजताच आलं नाई!" ते यंत्र तिथवरच मोजतं, हे सांगायची कोणाची छाती नव्हती.

साठी उलटलेली, म्हणजे लसीचा हक्क १ मार्चपासूनचा. काकू मागे लागल्या, तसे काकाजी संत्र्यावर आले. "झाडाले ताण देल्ल्याशिवाय बहार येते का? मले कोरोनानं ताण देल्ला, आता अँटीबॉडी फुलावर हायेत. भर फुलावर फवारणी कोण करते वं?"

त्यात १९ मे रोजी केंद्र सरकारनंच सांगितलं, की बरं झाल्यावर तीन महिने थांबून लस घ्या. त्यातलं 'थांबा' तेवढं काकाजींनी उचललं. कात्रण रिपोर्टाला टाचलं. पहाटेपासून रांगेत उभ्या लोकांना ते गाठू लागले. "तुले झाला होता का? मंग घरी जाय!" लसीच्या त्या तुटवड्यात थोडी रांग हलकी केल्याचं श्रेय मात्र त्यांना द्यायलाच हवं.

जूनअखेर तीन महिने भरले. काकूंनी कालनिर्णयावर दुधाच्या हिशेबाशेजारी तारखेला गोल केला होताच. काकाजींनी आधी नवा रिपोर्ट काढला, आणि आकडा चक्क मशीनच्या आवाक्यात आलेला! अँटीबॉडी ओसरतातच, आणि आकडा उतरला म्हणजे सगळं संरक्षण गेलं असंही नसतं. पण हे त्यांना कोण सांगणार? त्या दिवशी ते नेहमीच्या टपरीवर फिरकले नाहीत. दुसऱ्या दिवशी आपणहून केंद्रावर.

बाही वर करता करता त्यांनी सौदा टाकलाच. "मॅडम, तिकडं फ्रान्समधी बऱ्या झालेल्याले एकच डोस सांगतात. पहिला मले निसर्गानं देल्ला. हा दुसरा म्हणून लिहा, म्हणजे ८४ दिवसांनी पुन्हा चक्कर नको."

"लिहून टाकतो ना, काकाजी. फक्त निसर्गाचा बॅच नंबर सांगा."

काकाजी विचारात पडले, तेवढ्यात सुई जाऊन आली.