दोन सेकंदांचे पक्षितज्ज्ञ

निरीक्षणाचा काळ जितका कमी तितका निष्कर्ष ठाम, हा नियम पक्षिशास्त्राच्या कोणत्याही ग्रंथात नसला, तरी भिगवणला रोहित पाहायला निघालेल्या प्रत्येक मंडळीत तो काटेकोरपणे पाळणारे एक गृहस्थ असतातच. गळ्यातल्या दुर्बिणीचे झाकण काढण्याची तसदी त्यांना सहसा पडत नाही, कारण धावत्या गाडीच्या काचेतून बाभळीमागे काही मोठे हलले, की इतरांनी ‘कुठे?’ असे विचारेपर्यंत ‘गरुड!’ हा निकाल लागलेला असतो.

मोकळ्या आकाशात शेजारी मोजमापाला काहीच नसल्याने आकाराचा अंदाज हमखास फसतो. म्हणून जाणकार आधी शेपटी पाहतात, कारण साध्या घारीच्या शेपटीला खाच असते, तर ब्राह्मणी घारीची शेपटी गोलसर असते. या गृहस्थांना मात्र शेपटीचे वावडे असते. त्यांची सारी भिस्त पंखविस्तारावर, म्हणजे पसरलेल्या पंखांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतच्या अंतरावर, असून घारीच्या बाबतीत ते दीड मीटरच्या आसपास भरत असले, तरी त्यांचा पक्षी टोलनाक्यावर सहा फुटांचा, चहाच्या टपरीवर आठ फुटांचा होतो आणि घरी पोचेपर्यंत दिवाणखान्यात मावेनासा होतो.

कोणी शेपटीचा विषय काढलाच, तर ‘पिसे झडण्याचा काळ आहे’. रंगाचा काढला, तर ‘पिल्लू आहे’. हा दुसरा बचाव भक्कम म्हणावा लागेल, कारण अनेक शिकारी पक्ष्यांची पिल्ले खरोखरच मोठ्यांहून निराळी दिसतात, अगदी पांढऱ्या गिधाडाचे पिल्लूदेखील गडद तपकिरी असते. फक्त या गृहस्थांच्या दृष्टीस वयात आलेला पक्षी आजवर कधी पडलेला नाही, एवढेच.

भिगवण मागे टाकून गाडी सोलापूरकडे वळली, की त्यांना नान्नजचे अभयारण्य आठवते आणि माळढोक दिसू लागतो. मीटरभर उंचीचा, नराचे वजन 15 किलोपर्यंत भरणारा आणि देशभरात दोनशेच्याही आत उरलेला हा पक्षी वनरक्षकांना महिनोन्‌महिने हुलकावणी देतो, पण यांना तो पेट्रोल पंपामागच्या ज्वारीतही भेटतो. मागच्या बाकावरून कोणी ‘लांडोर’ असे पुटपुटते, तिकडे ते लक्ष देत नाहीत.

एखाद्या पोराने मोबाईलवर फोटो टिपलाच आणि त्यात खाचेसकट घार स्वच्छ दिसली, तर ते चष्मा वर सरकवून फोटो नीट न्याहाळतात, पोराची पाठ थोपटतात आणि म्हणतात, ‘घार छान आली आहे हो, गरुड हिच्या मागे होता.’