तलवारीआधी बूट: नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

मुलाने तलवारबाजी शिकायचं ठरवलं की घरातला पहिला प्रश्न 'कशाला?' आणि दुसरा 'केवढ्याला?' मास्क, जॅकेट, ग्लव्ह आणि तलवार यांची बेरीज झाली की काटकसरीची कुऱ्हाड नेमकी पायांवर पडते. 'शाळेचे बूट आहेत की!' हे वाक्य गिरगावापासून लालबागपर्यंत एकाच सुरात म्हटलं जातं. प्रस्तुत मार्गदर्शन अशाच घरांसाठी आहे.

काका विचारतील, 'बाजीप्रभूंनी कुठे बूट घातले होते?' बाजीप्रभूंना खिंड अडवायची होती, म्हणजे जागा सोडायची नव्हती. आपल्याला 14 मीटर लांब आणि जेमतेम दीड-दोन मीटर रुंद पट्टीवर सतत पुढेमागे सरकायचं आहे. हे उत्तर मनातल्या मनात द्यावं.

तलवारबाज भवानी देवीचं उदाहरणही घरी देऊ नये. चेन्नईच्या शाळेत तिने बांबूच्या काठ्यांवर सराव केला आणि 2021 साली टोकियो ऑलिंपिकमध्ये पहिली लढत 15-3 अशी जिंकली. घरच्यांना यातली फक्त काठी ऐकू येते आणि तलवारही रद्द होते.

आता मुद्द्याचं. या खेळात दोन पायांची कामं वेगळी. लंज मारताना, म्हणजे पुढचा पाय झेपावत टाकून वार करताना, त्या पायाची टाच आधी जमिनीवर आदळते. मागचा पाय आडवा असतो आणि त्याची आतली कड फरशीवर घासत जाते. म्हणून टाचेला मार सोसवेल, पण तळ पातळ आणि पकडीचा असेल, असा बूट हवा. जाड टाचेचे, गादीसारखे रनिंग शूज सकाळी शिवाजी पार्कला फेऱ्या मारायला उत्तम. लंजमध्ये त्यांवर घोटा डुगडुगतो आणि मुरगळतो. कॅनव्हासच्या पांढऱ्या पीटी शूजना टाचेखाली काहीच नसतं. तलवारबाजीचे खास परदेशी बूट असतात, पण त्यांची किंमत सहज पाच आकड्यांत जाते. ती घरात उच्चारू नये.

नवशिक्याने सरळ धोबीतलावला जावं आणि बॅडमिंटनचे, गम सोलचे, नॉन-मार्किंग बूट मागावेत. दीड-दोन हजारांत काम होतं. 'तलवारबाजीसाठी हवेत' असं मात्र सांगू नये, दुकानदार आधी तुमच्याकडे आणि मग तुमच्या वडिलांकडे पाहतो. बूट घालून लग्नाच्या हॉलमध्ये फिरल्यासारखं फिरू नका. दुकानातच एक लंज मारा. काउंटरवरचा पोऱ्या दचकून मागे सरकला आणि तुमची टाच बुटात सरकली नाही, तर बूट घ्या.

इथे आई म्हणेल, 'एक नंबर मोठाच घे, वाढतं वय आहे.' मराठी मध्यमवर्ग या तत्त्वावर तीन पिढ्या उभा आहे, पण लंजमध्ये पाय पुढे सरकून अंगठ्याचं नख काळंनिळं पडतं. चवड्यात कापूस कोंबणे हा उपाय इथे चालत नाही. मोजे मात्र गुडघ्यापर्यंतचे, फुटबॉलचे घ्यावेत, तेही तिथेच मिळतात.

हे बूट रस्त्यावर घालायचे नाहीत, पिशवीतून न्यायचे. पावसाळ्यात हिंदमाताचं पाणी एकदा लागलं की गम सोलची पकड गेलीच समजा.

काही महिन्यांनी मागच्या बुटाची आतली कड फाटेल. घाबरू नये. स्टेशनबाहेरच्या चांभारकाकांकडून तिथे रबराचा तुकडा शिवून घ्यावा. ते विचारतील, 'आणि दुसऱ्याला?' दुसऱ्याला नको म्हणावं. आपल्या चालीत काहीतरी खोट आहे असा त्यांचा समज होईल, तो होऊ द्यावा.

खरी बचत पुढे आहे. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा डावा बूट फाटतो, डावखुऱ्याचा उजवा. तेव्हा क्लासमध्ये मैत्री करताना गाव, आडनाव, शाळा न बघता फक्त दोन गोष्टी बघाव्यात: समोरचा डावखुरा आहे का आणि त्याच्या बुटाचं माप काय. दोन जोड्या फाटल्या की त्यातून तिसरी धड जोडी उरते.

माझ्याकडे आठ नंबरचा उजवा बूट आहे, टाच थोडी दबलेली, कड शाबूत. दादर-परळ भागातल्या डावखुऱ्या, आठ नंबरच्या तलवारबाजाने आपला डावा बूट घेऊन अवश्य भेटावं.